डोक्याला काय घालू?

लग्न ठरलं की टेन्शन फक्त मुलींना, साडीचं आणि मेकअपचं. मुलांना काय, शेरवानी चढवली की झालं... असं तुम्हाला वाटत असेल तर सॉरी, तुमचं लग्न अजून व्हायचंय! माझी शेरवानी, मोजडी, अगदी रुमालसुद्धा पुण्यात दोन वीकेंडमध्ये उरकला. गाडी अडली ती डोक्यापाशी.

लग्न भडगावला, गिरणेकाठच्या आमच्या गावी. होणारी बायको पक्की पुण्याची. तिची फर्माईश, ‘पुणेरी पगडी घाल ना, क्यूट दिसशील.’ फोटोग्राफर म्हणाला, ‘सर, फेटाच. पॅकेजमध्येच आहे.’ आणि आजीने फोनवर अहिराणीत निकाल देऊन टाकला, ‘तुले जे घालनं शे ते घाल, पन डोकं उघडं ठेऊ नको.’

गंमत म्हणजे, त्याच महिन्यात आमच्या ऑफिसच्या एडिनबर्ग टीममधला एकजण याच प्रश्नाने हैराण होता. तो किल्ट घालून बोहल्यावर, म्हणजे चर्चमध्ये उभा राहणार होता. पण किल्टवर डोक्याला काय? त्यांच्याकडे एक ‘बाल्मोरल’ असते. गोल, चपटी आणि वर लोकरीचा गोंडा. दुसरी ‘ग्लेनगॅरी’. होडीसारखी लांबट, मागे दोन फिती लोंबणाऱ्या आणि घडी घालून खिशात मावणारी. पण ग्लेनगॅरीवर फौजेचा शिक्का! साध्या माणसाने घातली तर बँडवाला वाटेल की काय, ही त्याची धास्ती. शिवाय टोपीत गरुडाचं पीस खोवायलाही नियम. तीन पिसं कुळाच्या प्रमुखालाच. हौस आली म्हणून खोवलं, असं चालत नाही.

मी म्हटलं, ‘परंपरा आहे बाबा, पाळायलाच हवी.’ तो हसला. म्हणाला, आमचा हा थाट आजच्या रूपात नावारूपाला आला तो 1822 मध्ये. राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला, तेव्हा स्वागताचा सगळा सोहळा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने आखला होता. म्हणजे तिथेही इव्हेंट मॅनेजर होताच!

शेवटी तो चर्चमध्ये बोडक्यानेच उभा राहिला. तिथे आत गेल्यावर पुरुषांनी टोपी काढायची असते. आपल्याकडे नेमकं उलटं. मान द्यायचा तर डोकं झाकायचं.

मग मीही रीतसर होमवर्क केला. पुणेरी पगडी रुबाबदार खरी. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती पुण्याची. माझ्या डोक्यावर ती भाड्याच्या फ्लॅटसारखी दिसली असती. त्यात पगडीला राजकारणही चिकटलेलं. 2018 मध्ये पुण्यातल्या पक्षाच्या मेळाव्यात शरद पवारांनी पुणेरीऐवजी फुले पगडी वापरा असं सांगितलं, तेव्हा केवढी चर्चा झाली होती आठवतंय? आपण डोक्यावर काय ठेवतो, यावरून लोक आपलं अख्खं घराणं वाचतात.

फेटा सगळ्यांना शोभतो. ऐटदार तुरा, पाठीवर रुळणारा शेमला. फक्त एक टिप, रेडिमेड घेऊ नका. तो टोपीसारखा नुसता डोक्यावर बसतो. बांधलेला फेटा मात्र तुमच्या डोक्याच्या मापाने, तुमच्याच डोक्यावर जन्माला येतो.

राहिली टोपी. आमच्या खानदेशातली पांढरी, खळ घातलेली, कडक घडीची गांधी टोपी. ही तरी फार जुनी असेल ना? छे! उणीपुरी शंभर वर्षांची. 1920 च्या आसपास गांधीजींनी ती रूढ केली. काश्मिरी टोपीवरून ती सुचल्याचं त्यांनी काकासाहेब कालेलकरांना सांगितलं होतं. स्वतः त्यांनी जेमतेम एक-दोन वर्षंच घातली. 1921 मध्ये तर मदुराईत ते पंच्यावर आले. टोपी मात्र आमच्या लोकांच्या डोक्यावर राहिली ती राहिलीच. 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्याच जिल्ह्यात, फैजपूरला झालं. पणजोबा तिथे गेले होते म्हणे. तेव्हापासून घरात टोपी आली. आजोबांनी घातली, अप्पांनी घातली. माझ्यापाशी येऊन थांबली.

का थांबली, ते सांगतो.

इंजिनीअरिंगला पुण्यात अॅडमिशन झाली, तेव्हा अप्पा सोडायला आले होते. हॉस्टेलच्या गेटवर पोरांचा घोळका होता. कुणीतरी मागून म्हणालं, ‘ए, नेताजी आले!’ सगळे हसले. मीही हसलो. मग हळूच म्हणालो, ‘अप्पा, टोपी काढून ठेवा ना. इथं कुणी घालत नाही.’ ते काहीच बोलले नाहीत. टोपी काढली, नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. टोपी नसलेलं त्यांचं कपाळ मी पहिल्यांदाच उन्हात पाहत होतो. वरचा अर्धा भाग गोरा, खालचा रापलेला. मधे टोपीची रेघ.

त्यानंतर चार वर्षं ते जेव्हा जेव्हा पुण्यात आले, तेव्हा टोपी खिशातच होती. मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी फेटेवाले आले. पॅकेजप्रमाणे वरपक्षाच्या 25 जणांना गुलाबी फेटे. फोटोत युनिफॉर्म दिसतं ना! अप्पांचा नंबर आला. त्यांनी टोपी काढली, सवयीने घडी घातली आणि हात खिशाकडे गेला. पण नव्या जॅकेटला शिंप्याने खिसाच ठेवला नव्हता. ते घडी हातात धरून इकडे-तिकडे बघत राहिले. कुठे ठेवू, असं.

माझ्या पोटात कालवलं. मी उठलो. म्हटलं, ‘अप्पा, राहू द्या. तुम्ही टोपीच घाला.’

‘अरे, फोटो खराब व्हई तुना.’

‘होऊ द्या.’

फोटोग्राफरने तोंड वाकडं केलं. पण अप्पांनी घडी उलगडली, दोन्ही टोकं धरून टोपी झटकली आणि डोक्यावर बसवली. आरशात न बघता, बरोब्बर त्या रेघेवर.

मग मी काय घातलं? टोपी घालून हिरो व्हायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण तोही शो-ऑफच झाला असता. जी टोपी मी इतकी वर्षं नाकारली, ती फोटोपुरती घालण्यात काय अर्थ? मी फेटाच घातला. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी बांधला. बांधताना दोनदा मान सरळ कर म्हणून टपलीही मारली.

त्या गेटवरच्या वाक्याबद्दल मी अप्पांची माफी अजून मागितलेली नाही. आमच्याकडे बाप-लेक असं काही बोलत नाहीत. पण परवा ते पुण्यात आमच्या फ्लॅटवर आले. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, ‘कोण हवंय?’ मी बाल्कनीतून खाली बघत होतो. पांढरी टोपी लांबूनच दिसली.

डोक्यावर होती.