आकाशकंदिलाला किती अँपिअर?

पॉवर सप्लाय निवडताना दोन आकडे बघायचे असतात. व्होल्टेज सर्किटला हवे तेवढेच लागते. करंट देण्याची क्षमता मात्र गरजेइतकी किंवा गरजेपेक्षा जास्त असली तरी चालते. जास्त अँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरने सर्किट जळते हा समज चुकीचा आहे. २०० मिलिअँपिअर लागणारा बोर्ड १० अँपिअरच्या सप्लायवरूनही २०० मिलिअँपिअरच घेतो. बोर्ड जळतो तो चुकीच्या व्होल्टेजने किंवा प्लस-मायनस उलटे जोडल्याने.

हिशेब नेहमी सर्वात वाईट क्षणाचा मांडावा, सरासरीचा नाही. समजा, आकाशकंदिलात डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या ६० रंगीत एलईडींची पट्टी बसवायची आहे. अशा प्रत्येक एलईडीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात आणि पूर्ण उजेडात प्रत्येकाला सुमारे २० मिलिअँपिअर लागतात. म्हणजे पांढऱ्या रंगात एका एलईडीला ६० आणि साठांना ३६०० मिलिअँपिअर. ते चालवणारा नोडएमसीयू बोर्ड एरवी १०० मिलिअँपिअरच्या आतच असतो, पण वायफायवरून संदेश पाठवताना क्षणभर ३०० ते ४०० पर्यंत उसळतो. एकूण झाले ४ अँपिअर. सप्लाय कायम शंभर टक्के भारावर तापत ठेवणे बरे नाही; पाव हिस्सा राखीव धरला की ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा, म्हणजे २५ वॅटचा एसएमपीएस योग्य ठरतो. प्रोग्राममध्ये उजेडाची मर्यादा घातली तर यापेक्षा लहानही पुरतो. पण प्रोग्राममधली एक चूक ही मर्यादा उडवू शकते, म्हणून हिशेब पूर्ण उजेडाचाच असलेला बरा.

एवढे करूनही कंदील अडतो तो बहुधा वायरीपाशी. सप्लाय घरात, कंदील गॅलरीत आणि मध्ये ३ मीटर अंतर असेल, तर करंटला जाऊन-येऊन ६ मीटर तांबे ओलांडावे लागते. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्या लांबीचा रोध साधारण ०.२२ ओहम भरतो. ४ अँपिअरला त्यात जवळजवळ ०.९ व्होल्ट पडतात आणि कंदिलापर्यंत जेमतेम ४.१ पोहोचतात. पट्टी तेवढ्यावर कशीबशी पेटते, पण निळ्या दिव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्याने पांढरा रंग टोकाकडे पिवळट-तांबूस होत जातो. बोर्डाचे हाल वेगळे. त्यावरचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये भरल्या भारावर एक व्होल्टहून थोडा अधिक फरक मागतो. तो न मिळाल्यास वायफाय सुरू होताक्षणी बोर्ड रिसेट होतो, आणि दोष मात्र प्रोग्राममध्ये शोधला जातो.

१.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर घट ०.३ व्होल्टच्या आसपास येते. पट्टीला दोन्ही टोकांकडून ५ व्होल्ट द्यावेत आणि सुरुवातीलाच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कंदिलापर्यंत १२ व्होल्ट न्यायचे आणि तिथे बक कन्व्हर्टरने ५ करायचे. तेवढ्याच कामाला वायरीतून सुमारे २ अँपिअरच वाहतात आणि वाटेत पडलेला अर्धा व्होल्ट कन्व्हर्टर सहज सोसतो. या जागी ७८०५ रेग्युलेटर मात्र बसवू नये. १२ चे ५ करताना तो उरलेले ७ व्होल्ट उष्णतेत घालवतो. अर्ध्या अँपिअरलाच साडेतीन वॅट होतात आणि हीटसिंकशिवाय तो तग धरत नाही. ४ अँपिअर तर त्याच्या आवाक्याबाहेरच आहेत.

२३० व्होल्ट घरातच राहावेत, कंदिलाकडे फक्त कमी व्होल्टेजची वायर जावी आणि सप्लायमधून निघताच तिच्यात फ्यूज असावा. शेवटी सगळे एलईडी पूर्ण पांढरे करून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे: सप्लायच्या टोकांवर नव्हे, पट्टीच्या दूरच्या टोकाला. तिथे ४.७ किंवा त्याहून जास्त मिळाले, तर निवड बरोबर झाली.