स्वस्त गावाचा जमाखर्च

बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक मिळाली वडवणीला. बीड-परळी रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मी धनकवडीत वाढलेली, त्यामुळे घरी एकच सूर: "पैसे साठतील बघ. तिथं खर्चायला आहे काय?" सुरुवातीला तसंच वाटलं. दोन खोल्या, मोरी, वर गच्ची, भाडं तीन हजार. पुण्यात एवढ्या पैशांत कॉट बेसिसवर खाट मिळायची मारामार. दूध घरमालकांच्याच म्हशीचं. थंडीत बाजाराच्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या दहाला. मी हरखून गेले होते.

मग महिनाअखेर वही मांडली आणि काही उलगडेना. भाडं इतकं कमी, मग पगार जातो कुठे?

किराण्याची यादी आईकडून मागवलेल्या पुण्याच्या यादीशेजारी ठेवून एकेक ओळ तपासली. तेलाची पिशवी, चहा, साबण, गॅसची टाकी, मोबाइलचा रिचार्ज, सगळं जवळपास त्याच भावाने. हा भाग राज्यभराच्या कारखान्यांना ऊसतोडीला माणसं पुरवतो, पण साखर इथेही पुण्याच्याच दराने. पेट्रोल उलट जास्त. शेजारच्या परभणीत राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल मिळतं, अशा बातम्या वर्षानुवर्षं येतात. कारण इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकरने एवढं अंतर कापत येतं आणि वाहतुकीचा खर्च लिटरमागे चढतो. उन्हाळा लागला तशी भाजीही बाहेरून येऊ लागली आणि मेथीचा तो भाव गेला. पिण्याला जार आणि वापरायला टँकर, म्हणजे पाणीसुद्धा विकत.

मग स्वस्त नेमकं काय, हा प्रश्न मला सुटत नव्हता. त्याचं उत्तर मिळालं गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे.

अस्तराचा ब्लाउज शिवायचे त्या अडीचशे घेतात. पुण्यात त्याचेच मी सहाशे-सातशे देत होते. सहज विचारलं, "ताई, एवढ्यात परवडतं कसं?" त्यांनी मशीन थांबवली आणि बोटांवर मोजून दाखवलं. अस्तर साठ-सत्तर, ते बीडहून आणायचं; वर हुक, दोरा, लाइट बिल. "अस्तर काय माझ्या गावाला स्वस्त देतंय का कुणी? मग राहतं किती? दीडशे. तेबी दिवसभर बसल्यावर. जास्त मागितले तर बायका येतच नाहीत, अन् त्यांच्याकडं तरी कुठून येणार?"

त्या दिवशी वहीचा गुंता सुटला. जे बाहेरून येतं ते इथे पुण्याच्या भावाने नाहीतर त्याहून महाग. स्वस्त आहे ते फक्त इथे पिकणारं आणि इथल्या माणसाच्या हाताने होणारं: शिलाई, दूध, दाढी-कटिंग, मजुरी, खोलीचं भाडं. माझ्या वहीत 'कमी खर्च' म्हणून जे मांडलं होतं, ती गल्लीतल्या कुणाची तरी कमी मिळकत होती. माझा पगार मुंबईत बसून ठरलेला, म्हणून मला हे गाव परवडतं. त्याच दुकानातून तेच तेल घेणाऱ्या ताईंना ते महागच पडतं.

शेजारच्या घराला दिवाळीच्या सुमारास कुलूप लागलं. नवरा-बायको कोयता घेऊन तोडीला गेले. उचल आधीच घेतलेली असते. मुलीचं लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, यांतच ती संपते आणि मग ती ऊस तोडून फेडायची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशेच्या थोडा वर गेला. जोडप्याने पहाटेपासून राबून दिवसाकाठी दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून सातशेच्या आसपास. रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने देशाला दिली, तिथे 2025-26 साठी त्या कामाची दिवसाची मजुरी होती 312 रुपये. म्हणजे गॅसच्या एका टाकीला अडीच दिवसांहून जास्त मजुरी लागायची. माझ्या मते एखादं गाव स्वस्त की महाग, ते असं दिवसांत मोजायला हवं.

आणखी एक खर्च पुण्यात मला कधी दिसलाच नव्हता, तो म्हणजे अंतर. दाताचं मोठं काम निघालं की बीड. मोठ्या दुखण्याला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालय, नाहीतर थेट संभाजीनगर. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठाच आधार. पण सोबत येणाऱ्या पुरुषाचं पूर्ण तिकीट, बाहेरचं जेवण आणि दोघांचा खाडा, हे कुठे धरायचं? आमच्या शाखेत येणारे एक शेतकरी काका म्हणाले, "डॉक्टरची फी देता येती मॅडम, खाड्याचं काय?" माझी रजा भरपगारी असते. त्यांचा दिवस बुडाला की बुडाला.

रेल्वे आली तर हे अंतर थोडं स्वस्त होईल. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली, तेव्हा इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही कोण आनंद झाला! बीड ते परळी हा पुढचा टप्पा वडवणीवरून जायचा आहे. तो लवकर पुरा व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

तुमची किंवा तुमच्या मुलांची बदली अशा गावी झाली, तर खोलीचं भाडं ऐकून हिशेब मिटवू नका. सोनोग्राफी कुठे होते, उन्हाळ्यात टँकर कितीला पडतो, शेवटची एसटी किती वाजता, हे आधी विचारा. आणि शिलाईचे, भाजीचे, मजुरीचे पैसे देताना घासाघीस करू नका. ताईंना मी आता ब्लाउजचे साडेतीनशे देते. त्यांनी दोनदा नको म्हटलं, मग ठेवून घेतले.