महाप्रसाद आला दारी!

रायपुरात कुणी ‘महाप्रसाद आलाय’ म्हटलं, तर मराठी पाहुण्याने ताट-वाटी शोधू नये. दारात बहुधा माणूस उभा असतो! छत्तीसगढमध्ये महाप्रसाद हे देवाच्या प्रसादाचं नाव आहे, तसंच जिवलग मित्राचंही.

मुंबई-हावडा लोहमार्गावर, नागपूरहून सुमारे तीनशे किलोमीटरवर हे शहर. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, इथे राहायला आला. त्याची आठवण म्हणून बुढा तलाव आता विवेकानंद सरोवर झाला आहे. तलाव, मठ, मंदिरं दोन दिवसांत पाहून होतात. इथली माणसं समजायची तर मात्र ‘मितान’ समजून घ्यावा लागतो.

मितान म्हणजे विधी करून जोडलेला मित्र. दोघांत रक्ताचं नातं नसतं, पुष्कळदा जातही वेगळी असते. पुरीच्या जगन्नाथाचा वाळवलेला भात एकमेकांना दिला की दोघं झाले ‘महाप्रसाद’. हा भात कुणाच्याही हातून घेतला तरी विटाळ होत नाही, ही जुनी श्रद्धा. सोवळ्या-ओवळ्याच्या काळात लोकांनी तिचाच आधार घेऊन वाट काढली. गंगेच्या पाण्याने जोडले ते ‘गंगाजल’, रथयात्रेला मोड आलेल्या मुगाने जोडले ते ‘गजामूंग’. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. भेटल्यावर म्हणायचं, ‘सीताराम महाप्रसाद!’ मित्राची आई ‘फूलदाई’ होते, वडील ‘फूलददा’.

बायकांची ‘भोजली’ तर फारच गोड. गोंदिया-भंडाऱ्याकडे ‘भुजली’ म्हणून ती ओळखीची आहे. श्रावणात टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या जागी ठेवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत बायका तलावावर जातात. विसर्जनानंतर उरलेली पिवळसर रोपं मैत्रिणीच्या कानामागे खोवली, की त्या जन्मभराच्या ‘भोजली’.

हा निव्वळ सणाचा हौसेचा भाग नाही. भाताचा हा प्रदेश पावसावर जगतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात रायपूर जिल्हा होरपळला होता. आजही कापणी आटोपली की कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर राबायला परराज्यात जातात. पीक बुडालं, कर्ता माणूस गेला, तर भाऊबंद येतातच. पण त्यांच्याबरोबर जमिनीच्या वाटणीचा विषयही येतो. मितानाचा जमिनीत वाटा नसतो. म्हणूनच त्याच्यासमोर मोकळेपणी रडता येत असावं. सासरी एकट्या पडलेल्या विधवेला जवळ बसवून चार घास खायला लावणारी भोजली दुसऱ्या जातीची असली, तरी कुणी हरकत घेत नाही. नातं मानलेलं असलं, तरी सुखदुःखाला हजर राहणं हे दोन्ही घरांचं कर्तव्यच. कधी कधी ते पुढच्या पिढीतही चालतं.

अर्थात या मैत्रीने जात मोडली, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. लग्नं आपापल्या जातीतच होत राहिली. शहरात प्रथा विरळही होत चालली आहे. शब्दाचं वजन मात्र टिकून आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने दाखले घरपोच देणारी योजना काढली, तिला नाव दिलं ‘मितान’!

रायपूरला जायचं तर राखीचा मुहूर्त साधावा. नागपूरहून रेल्वेने चार-पाच तास लागतात. छत्री न्यावी, आणि दुसऱ्या दिवशी शहरात न थांबता जवळच्या एखाद्या गावाचा तलाव गाठावा.