फुल प्लेट, हाफ प्लेट, पाव प्लेट

फुल प्लेट म्हणजे 6½ × 8½ इंच. हे माप काचेपेक्षा जुने आहे. 1839 मध्ये पॅरिसला लुई दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा चित्र उमटत असे ते चांदीचा थर चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, आणि दागेरच्या कॅमेऱ्यात बसणारा पत्रा जवळपास याच आकाराचा होता. लहान चित्र हवे तर पत्र्याचा अर्धा, पाव, सहावा किंवा नववा हिस्सा वापरायचा. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कलोडियनची ओली प्लेट पुढे आणली आणि पत्र्याच्या जागी काच आली. कॅमेरे आणि भिंगे मात्र आधीपासूनच त्या मापांची होती, त्यामुळे काचही त्याच मापांत कापली जाऊ लागली.

मापाला एवढे महत्त्व येण्याचे कारण छपाईत आहे. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला कागद निगेटिव्हला चिकटवून चौकटीत दाबायचा आणि उन्हात ठेवायचा, ही त्या काळची रीत. हा कागद इतका मंद असतो की लहान निगेटिव्हवरून मोठे चित्र काढणे रोजच्या धंद्यात परवडत नसे. काच जेवढी, तेवढेच चित्र. भिंतीवर लावायला मोठे चित्र हवे असेल तर तेवढी मोठी काच आणि तेवढा मोठा कॅमेरा घेऊन जागेवर जायचे, याला पर्याय नव्हता.

हिश्शांचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. पाव प्लेट 3¼ × 4¼ इंच, म्हणजे फुल प्लेटच्या दोन्ही बाजू बरोबर निम्म्या. हाफ प्लेट मात्र अर्धी नसते. गणिताने ती 4¼ × 6½ यायला हवी. इंग्लंडमध्ये रुळली ती 4¾ × 6½, आणि अमेरिकेत 4¼ × 5½. गणिती अर्धा तुकडा लांबोडका होतो: लांबी रुंदीच्या दीडपटीहून किंचित जास्त, तर फुल आणि पाव प्लेटमध्ये ती जेमतेम 1.3 पट. बसलेल्या माणसाचे चित्र त्या लांबट चौकटीत घेतले तर डोक्यावर नाहीतर पायाखाली जागा उगाच रिकामी राहते. दोन्ही देशांनी आपापल्या परीने हे प्रमाण आखूड केले. इंग्रजी हाफ प्लेटमध्ये ते 1.37 वर येते, अमेरिकी प्लेटमध्ये 1.3 वर.

ओल्या प्लेटच्या काळात ही मापे कागदावरच पक्की होती. छायाचित्रकार हिरकणीने काच स्वतः कापत असे आणि कॅमेऱ्यात बसेल तो तुकडा चालत असे. खरी मर्यादा हाताची होती. काच एका कोपऱ्याला धरून मधोमध कलोडियन ओतायचे, काच तिरपी करत ते चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचे आणि उरलेले शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचे. पाव प्लेटवर हे काही सेकंदांत उरकते. 12 × 15 इंचांच्या काचेवर पहिला कोपरा घट्ट होऊ लागतो तेव्हा शेवटचा अजून कोरडाच असतो. कलोडियनमधले ईथर सुमारे 35 अंश सेल्सियसला उकळते. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिथल्या उन्हाळ्यात मोठी प्लेट ओतणे म्हणजे काय, हे या एका आकड्यावरून कळते. त्यानंतर चांदीच्या द्रावणात बुडवून काढलेली काच ओली असतानाच वापरायची आणि साधारण दहा मिनिटांत डेव्हलप करायची.

वजनाचाही विचार करावा लागे. 2 मिलिमीटर जाडीची फुल प्लेट सुमारे 180 ग्रॅम भरते, म्हणजे डझनाला दोन किलोंच्या वर. 12 × 15 ची काच मुळात जाड घ्यावी लागते. 3 मिलिमीटर धरली तर एकेक प्लेट पाऊण किलोच्या पुढे जाते. कार्ल्टन वॉटकिन्सने 1861 मध्ये योसेमिटीच्या दरीत 18 × 22 इंचांच्या काचा नेल्या. त्याच जाडीच्या हिशेबाने अशी एक काच दोन किलोंच्या आसपास होते. सॅम्युअल बोर्नने 10 × 12 ची काच हिमालयात नेली आणि 1866 मध्ये मणिरंग खिंडीवर वापरली. मोठ्या चित्राचा पहिला खर्च हमालीचा होता.

धंद्याची ओढ मात्र लहान मापांकडे होती. दिस्देरीने 1854 मध्ये पेटंट घेतलेल्या कार्त-द-व्हिझित या लहान कार्डचित्रांच्या पद्धतीत एकाच काचेवर आठ चित्रे येत. फुल प्लेटची 8½ इंचांची बाजू चार भागांत वाटली की 2⅛ इंच येतात, आणि कार्डावरच्या चित्राची रुंदीही साधारण तेवढीच असते. स्टिरिओसाठी 3¼ × 6¾ ची आडवी काच रूढ झाली. तिच्यावर शेजारी शेजारी दोन चित्रे बसतात. जादूच्या कंदिलाची इंग्रजी स्लाइड 3¼ इंच चौरस, म्हणजे पाव प्लेटच्या लहान बाजूएवढी. पाव प्लेटचा कडेचा थोडा भाग सोडला की उरलेले चित्र स्लाइडवर थेट छापता येई. हे सगळ्या मापांतले सर्वांत सोयीचे जुळणे म्हणावे लागेल. कंदिलाची काच फोटोचीच असावी असे नव्हते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांच्या शांबरिक खरोलिका या कंदिलाच्या खेळात हाताने रंगवलेल्या काचा असत.

मापे खरी पक्की झाली ती कारखान्यांमुळे. 1871 मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, 1878 मध्ये चार्ल्स बेनेटने ती वेगवान केली, आणि डब्यात भरलेल्या तयार प्लेटा दुकानात आल्या. डब्यातली प्लेट कोणाच्याही होल्डरमध्ये बसली पाहिजे, म्हणून कापणी नेमकी झाली. मोठ्या कॅमेऱ्यात लहान प्लेट घालायला लाकडी चौकटी मिळत, त्यामुळे फुल प्लेटचा एकच कॅमेरा तिन्ही मापांना पुरे.

युरोपच्या मुख्य भूमीने सेंटीमीटर धरले: 9 × 12, 13 × 18, 18 × 24. इथेही तेच घडलेले दिसते. 9 × 12 ही 18 × 24 ची बरोबर पाव आहे, पण मधली 12 × 18 नसून 13 × 18 आहे. इंच असोत की सेंटीमीटर, पाव हिस्सा हिशेबाने कापला गेला आणि अर्धा नजरेने.

जुन्या काचा हाती आल्या तर मापावरून बरेच ओळखता येते. मात्र 13 × 18 सेंटीमीटर आणि हाफ प्लेट यांत गोंधळ होतो, कारण हाफ प्लेट 12.1 × 16.5 सेंटीमीटर भरते. म्हणून चारही बाजू मिलिमीटरमध्ये मोजाव्यात. समोरासमोरच्या बाजूंत फरक निघाला, कडा ओबडधोबड दिसल्या आणि एका कोपऱ्यात बोटाची खूण असली, तर प्लेट हाताने ओतलेली ओली असण्याचा संभव फार. कडा सरळ आणि थर सगळीकडे सारखा असेल तर ती बहुधा कारखान्यातली. मोजून झाल्यावर काच कागदी पाकिटात घालून लांब बाजूवर उभी ठेवावी. आडव्या थप्पीत वरच्या काचांचा भार खालच्या काचेवर येतो. फुल प्लेटच्या पन्नास काचा नऊ किलोंच्या होतात, त्यामुळे खोके लहानच घ्यावे.