पाठीस लागलेली दया

पन्नासपैकी पंचेचाळीस. पाच गुण गेले, आणि ते कुठे गेले हे साठी उलटल्यावरही मला पाठ आहे. लोक म्हणतील, शब्बाथशाळेच्या पाठांतराचे पाच गुण, त्यात काय एवढं? तेच तर. गोष्ट एवढीशी होती म्हणून ती कुणाला सांगताही आली नाही.

१९७३ चा डिसेंबर. बहात्तरच्या दुष्काळातून नगर जिल्हा नुकता कुठे डोकं वर काढत होता, सुकडीची चव अजून जिभेवर होती. नाताळाच्या आधी आसपासच्या मंडळ्यांतल्या मुलांची पाठांतर परीक्षा व्हायची. मी नऊ वर्षांची. वडील प्राथमिक शिक्षक, आई घरी, आणि आजी बायबलबाई. म्हणजे खांद्याला पिशवी लावून खेडोपाडी हिंडायचं, ओट्यावर बसून बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या आणि महिन्याकाठी मिशनकडून चार पैसे घ्यायचे. आजी केडगावची. नगरला लागून आहे ते नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. तिथल्या छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या, त्यांतली ती एक. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ साली ते ग्रंथरूपानं बाहेर आलं, हे आमच्या घरात आपल्याच कुळाची हकिगत सांगावी तसं सांगितलं जायचं.

परीक्षेला तेविसावं स्तोत्र होतं. मेंढपाळाचं. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा ते म्हणतं. पण मला ते पुस्तकातून पाठ झालेलं नव्हतं, आजीनं चुलीपुढे बसवून करून घेतलं होतं. शेवटच्या वचनात, जिथे आयुष्यभर कल्याण आणि दया मिळण्याची गोष्ट आहे, तिथे आमच्या छापील पुस्तकात सोज्वळ क्रियापद होतं, मिळणं-लाभणं या घराण्यातलं. आजीच्या तोंडी मात्र कल्याण आणि दया माणसाच्या ‘पाठीस लागायची’. मी तेच म्हटलं. खणखणीत.

परीक्षक टेबलामागे बसले होते. आमच्या भागात त्यांना मोठा मान. त्यांनी चष्मा काढला.

“परत म्हण.”

मी परत म्हटलं.

“शेवटचं परत.”

तिसऱ्यांदाही माझ्या तोंडून तेच आलं. मला वाटलं, आवाज कमी पडतोय, म्हणून जोरात म्हटलं. मग ते माझ्याशी बोललेच नाहीत, मुलांकडे वळले. “पाठीस काय लागतं रे?” मागून कुणीतरी ओरडलं, “कुत्रं!” दुसरा म्हणाला, “सावकार!” सगळा हॉल हसला. त्यांनी हसू दिलं. मग म्हणाले, “ऐकलंस? पाठीस वैरी लागतो. देवाची दया पाठीस लागत नसते. शास्त्रात फेरफार करणाऱ्याचं काय होतं ते प्रकटीकरणाच्या शेवटी लिहिलंय, घरी जाऊन वाच.”

मी खरंच वाचलं. ज्यांनी ते पान वाचलंय त्यांना कळेल, नऊ वर्षांच्या पोरीला त्या रात्री झोप का लागली नाही. पीडा, आणि जीवनाच्या झाडातला वाटा काढून घेणं. एका क्रियापदापायी.

पण खरी सल वेगळीच आहे. आजी मागच्या बाकावर बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं आणि पदर सारखा केला. एवढंच केलं. एसटीच्या थांब्यावर मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, “त्यांच्या पुस्तकात तसं असंल.” पुढे कितीतरी वर्षांनी उमगलं, की तिच्या पगाराच्या कागदावर ज्यांच्या सह्या लागायच्या त्यांच्यात हे परीक्षकही होते. कळलं, पण राग गेला नाही. परीक्षकांवरचा थोडा ओसरला असेल, आजीवरचा ओसरायला फार दिवस लागले.

तिच्याकडे हा शब्द आला तो तिच्या आईकडून. पणजी गुजरातची. १९०० च्या दुष्काळात मुक्तीच्या बाया तिकडे मुली आणायला गेल्या होत्या. पणजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, घरातलं कुणी उरलेलं नाही. पोरी पळवून विकतात अशी आवई होती, त्यामुळे या बाया दिसल्या की ती पळायची. एक बाई दोन दिवस तिच्यामागून चालत होती. हाक मारायची नाही, जवळ यायची नाही. सावलीत भाकरी ठेवायची आणि लांब जाऊन बसायची. पोरगी भाकरी उचलायची आणि पुन्हा पळायची. तिसऱ्या दिवशी पायांत बळ उरलं नाही. “माझी आई दयेला भिऊन पळाली होती,” आजी सांगायची. त्या घरात ‘लाभली’ हा शब्द कसा टिकणार?

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. डी.एड., जिल्हा परिषदेची शाळा, लग्न, दोन मुलं. रविवारी देवळात, नाताळात करंज्या. माझा विश्वास होता, पण तो वहीत चिकटवलेल्या पिंपळपानासारखा. मग मिस्टरांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, साडेचार वर्षं. भेटायला येणारे प्रत्येक जण एकेक वचन देऊन जायचे, औषधाची चिठ्ठी लिहून द्यावी तसं. एका भावांनी तर ईयोबाचं उदाहरण दिलं, की धीर धरला तर सगळं दुपटीनं परत मिळतं. मी विचारलं, मुलंसुद्धा? त्यांनी विषय बदलला. मिस्टर गेले आणि मी पुस्तक मिटलं. तीन वर्षं उघडलं नाही. देवळात जायचे, कारण न जाण्याची कारणं सांगत बसायचा कंटाळा यायचा.

पुण्याच्या सेमिनरीत शिकणारा भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता. जेवताना मी सहज त्याला ती परीक्षेची गोष्ट सांगितली, विनोद म्हणून. तो हसला नाही. हात धुतले, फोन काढला आणि हिब्रू पाठ माझ्यासमोर धरला. “मावशी, इथे ‘रादाफ’ आहे. र-द-फ. पाठलाग करणं.”

मी त्याला दोनदा विचारलं. मग त्याच्याकडून शब्दसूची मागून घेतली आणि स्वतः बसले. जुन्या करारात हे क्रियापद शंभरावर ठिकाणी येतं. निर्गमात फारोचे रथ इस्राएल लोकांच्या मागे धावतात, तिथे हेच. शौल राजा डोंगरदऱ्यांत दाविदाच्या जिवावर उठून फिरतो, तिथे हेच. आणि हे स्तोत्र दाविदाच्या नावावर! जन्माचा अर्धा भाग ज्याच्या पाठीस कुणी ना कुणी लागलेलं होतं, त्या माणसाच्या तोंडी कल्याण आणि दया यांच्यासाठी हे क्रियापद येतं. त्याच्या आधीच्याच वचनात वैऱ्यांच्या डोळ्यांदेखत जेवणाचं ताट मांडलंय. तिथून पुढे मागे येणारे बदलतात. मी ते स्तोत्र हजार वेळा म्हटलं असेल, पण पाचव्या वचनावरून सहाव्यावर जाताना हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

तेव्हा पहिल्यांदा आनंद झाला तो जिंकल्याचा. खोटं कशाला बोलू? देव आठवला नाही, पाच गुण आठवले. परीक्षकांच्या घरी जावं, सूची त्यांच्यापुढे आपटावी, असं वाटलं. ते केव्हाच प्रभूकडे गेले होते. थोड्या दिवसांनी मात्र एक अडचण लक्षात आली. पाठीस वैरी लागतो, असं ते म्हणाले होते. बरोबरच होतं की! ते क्रियापद बहुतेक ठिकाणी वैऱ्याचंच आहे. शब्दाचा दर्प त्यांना अचूक आला होता, स्तोत्र रचणाऱ्यानं तोच मुद्दाम वापरला असेल हे तेवढं सुचलं नाही. हॉलमधल्या त्या दोन पोरांनाही हिब्रू न येता अर्थ कळला होता.

त्या उन्हाळ्यापासून मी वाचायला बसले. आधी वाचत नव्हते का? वचनं वाचत होते, पुस्तक वाचत नव्हते. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर ताटात वचनांच्या चिठ्ठ्या ठेवतात. ज्यानं त्यानं एक उचलायची, ते आपलं वर्षाचं वचन. मीही वर्षानुवर्षं उचलल्या, देव्हाऱ्यातला अंगारा जपावा तशा पाकिटात जपल्या. आता मला ते पटत नाही आणि मी तसं तोंडावर सांगते, मंडळीतल्या दोघी-तिघी त्यामुळे माझ्याशी बोलत नाहीत. त्या ताटात ८८ वं स्तोत्र मला कधी दिसलं नाही. वाचून पाहा. त्यात माणूस रडतो, देवाला विचारतो, आणि स्तोत्र अंधाराशी येऊन थांबतं. शेवटी उजेड नाही, आभार नाहीत. डायलिसिसच्या साडेचार वर्षांत ते कुणी माझ्या हातात ठेवलं असतं तर पुस्तक मिटलं नसतं कदाचित. शास्त्रातच असं बोलायची मुभा आहे, हे मला पन्नाशीनंतर समजलं. ईयोबाच्या शेवटी देव कान उपटतो ते त्याच्या उपदेशक मित्रांचे, हेही तेव्हाच वाचलं. त्या भावांना फोन करावासा वाटला होता.

नव्या करारातल्या वचनांना आकडे घातले ते रोबेर एस्तिएन या फ्रेंच छापखानेवाल्यानं, १५५१ साली. पौलानं पत्रं लिहिली तेव्हा त्यांत आकडे नव्हते, लोक पत्रासारखी एका बैठकीत ऐकायचे. मार्कचं शुभवर्तमान दोन तासांच्या आत वाचून होतं, मालिकेचे चार भाग सोडले की झालं. मी बायकांना हेच सांगते: एक पुस्तक घ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, अडेल तिथे खूण करा आणि पाळकांना बिनधास्त विचारा. त्यांना राग आला तर येऊ द्या.

सांगते म्हणजे, गुरुवारी दुपारी आमच्या घरी दहा-बाराजणी जमतात. मी शिकवत वगैरे नाही, सोबतीनं वाचतो. कुणी शेंगा आणतं, कुणी चहा ठेवतं. गेल्या पावसाळ्यात तेविसावं स्तोत्र आलं. मी वाटच पाहत होते. परीक्षक, कुत्रं, सावकार, पणजीची भाकरी, फारोचे रथ, सगळं सांगितलं. चांगलं रंगलं. दोघींनी डोळे पुसले. मी म्हटलं, देव असा आहे, आपण पळालो तरी तो पाठ सोडत नाही.

कोपऱ्यात एक मुलगी बसते. तिशीची असेल. नवऱ्याला सोडून दोन वर्षं झाली, माहेरी राहते, एका दुकानात कामाला जाते. ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “मावशी, एक विचारू? पाठ सोडत नाही म्हणता ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तो दुकानाबाहेर उभा असतो. बसथांब्यापर्यंत मागे येतो. तोही म्हणतो, माझं प्रेम आहे म्हणून येतो.”

कुणी काही बोललं नाही. मी पणजीकडे वळले, म्हटलं, ती बाई जवळ यायची नाही, हाक मारायची नाही, भाकरी ठेवून लांब बसायची. ती मुलगी म्हणाली, “पण पोरीला तेव्हा कुठं माहीत होतं ती भाकरीच आहे म्हणून?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिब्रूत होतं, म्हणजे शांती आणि न्याय यांच्या पाठीस लागा असं सांगतानाही हेच क्रियापद आहे, वगैरे. पण त्याच हिब्रूत, विलापगीतात, देव रागानं आपल्या लोकांचा पाठलाग करतो तिथेही हेच आहे, आणि ते मला माहीत होतं. मी गप्प राहिले. इतकी वर्षं जो शब्द मी माझा म्हणून छातीशी धरला होता, तो त्या पोरीला बसथांब्यावरचा शब्द वाटत होता. मराठी करणाऱ्यांनी तिथे साधं क्रियापद का ठेवलं असेल, याचा विचार त्या दुपारपर्यंत मी एकदाही केला नव्हता. मी त्यांना फक्त चूक ठरवलं होतं.

शेवटी प्रार्थनेआधी स्तोत्र पुन्हा म्हणायची आमची पद्धत आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सुरुवात मी करते. मी पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि छापलंय तसं अक्षर न् अक्षर वाचलं. शेवटच्या वचनाशी जीभ सवयीनं आजीकडे वळत होती. तिला धरून ठेवलं. ती मुलगी माझ्याबरोबर म्हणत होती, हळू, पण शेवटपर्यंत.

जाताना तिला सोबत म्हणून मी बसथांब्यापर्यंत चालत गेले. पाऊस होता. तो तिथे नव्हता.