नव्वद नंबर

१५ मे २०२५, गुरुवार
जेवायला बसलो आणि देवरुखहून दादाचा व्हिडिओ आला. ट्रॅक्टर काजूच्या बागेतल्या उतारावरून खाली येतोय, ब्रेकवर पाय पडला की मागच्या धुडातून घर्रर्र असा आवाज, आणि सीट थरथरताना स्पष्ट दिसते. खाली मजकूर : 'मिस्त्री म्हणतो ब्रेकच्या प्लेटा गेल्या. मागचं सगळं उघडावं लागेल. तुला काय वाटतं?'

चोवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर, फोर बाय फोर, दोनच पावसाळे पाहिलेला. इतक्यात प्लेटा कशा जातील? फोन लावला आणि आधी तेलाचं विचारलं. म्हणाला, "दिवाळीनंतर बदललं की. चांगलं जाडजूड नव्वद नंबर टाकलंय, जीएल-५. दुकानात त्याच्यापेक्षा भारी नव्हतंच." लिफ्ट कशी चालते विचारलं, तर सकाळी पहिली दहा मिनिटं रोटाव्हेटर जडपणे उचलला जातो आणि पंप किंचाळतो म्हणे. ते त्याला वेगळं दुखणं वाटत होतं.

म्हटलं, दादा, काहीही उघडू नकोस. पुस्तिकेतलं तेलाचं पान फोटो काढून पाठव.

१७ मे, शनिवार
पान आलं. हळदीचे डाग आहेत, पण वाचता येतं. मागच्या भागाला यूटीटीओ, म्हणजे गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेकला मिळून चालणारं ट्रॅक्टरचं तेल, पंधरा लिटरच्या आसपास. पुढच्या ॲक्सलला वेगळं, साडेचार लिटर, तिथे ८०डब्ल्यू-९० चालेल. म्हणजे दादाने पुढचं तेल मागे घातलंय, एवढाच सगळा प्रकार.

आमच्या जोगेश्वरी पूर्वेच्या गाळ्यात दिवसभर हायड्रॉलिक जॅक आणि फोर्कलिफ्टचे सिलिंडर उघडून सीलं बदलण्याचं काम चालतं. त्यामुळे तेल हा माझा रोजचाच विषय. पण ट्रॅक्टरचा मागचा भाग हे प्रकरण निराळं. मागची चाकं फिरवणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्सचं तेल वेगळं, डिफरन्शियलचं वेगळं, ब्रेकचं त्याहून वेगळं, प्रत्येकाची कोठडी स्वतंत्र. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत मात्र गिअर, क्राऊन-पिनियन, पीटीओ, लिफ्टचा पंप आणि ब्रेकच्या प्लेटा, सगळी मंडळी एकाच टाकीत नांदतात. तेच तेल गिअरच्या दात्यांमध्ये दबून राहायला हवं, पंपाला गाळणीतून सहज ओढता यायला हवं आणि ब्रेकच्या प्लेटांना नेमकं हवं तेवढंच निसटू द्यायला हवं.

गोम आहे ती प्लेटांपाशी. तेलात बुडालेल्या प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात, तेव्हा त्या हळूहळू पकडल्या गेल्या पाहिजेत. यूटीटीओमध्ये त्यासाठी घर्षण सांभाळणारी रसायनं घातलेली असतात. साध्या गिअर ऑईलमध्ये ती नसतात. मग प्लेटा धरतात, सुटतात, धरतात, सुटतात, सेकंदाला कित्येकदा, आणि आपल्याला ऐकू येतो तो घर्रर्र. प्लेटा शाबूत असल्या तरी हा आवाज येतो. तसंच महिनोन् महिने चालवलं तर त्या खरंच जळतात, आणि मग मिस्त्री बरोबर ठरतो.

१८ मे, रविवार
सुट्टी म्हणून एस. व्ही. रोडला ओळखीच्या तेलवाल्याकडे गेलो. जोगेश्वरीत ट्रॅक्टरचं तेल मागितलं की दुकानदार आधी हसतो. त्याच्याकडे हे तेल घ्यायला येतात ते वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचे ड्रायव्हर. तिथे वाळू आणि खारं पाणी हबमध्ये शिरतं. ही माणसं पुस्तिकेतल्या तासांची वाट बघत नाहीत, तेल गढूळ दिसलं की बदलतात. दुकानदाराचं म्हणणं, ट्रॅक्टरची खरी अक्कल त्यांच्याकडेच.

डबे पालथे करून मागची बारीक अक्षरं वाचली. समोरच्या बाजूला शेत, सूर्य, बळीराजा वगैरे असतं, त्याचा उपयोग शून्य. मागे लिहिलेलं असतं : जॉन डिअरचं जे२०सी, मॅसी फर्ग्युसनचं एम-११३५, एपीआय जीएल-४. पहिल्या दोन त्या कंपन्यांनी आपापल्या यंत्रांसाठी लावलेल्या कसोट्या, तिसरी एपीआय या संस्थेने ठरवलेली प्रत. डब्यावर कसोटीचं नावच नसेल आणि नुसतं 'सर्व ट्रॅक्टरांसाठी उत्तम' असेल, तर तो डबा खाली ठेवायचा. एका बादलीवर तर 'हायड्रॉलिक + गिअर + ब्रेक' असं ठळक छापलं होतं, आणि कसोटी एकही नाही. ती सगळ्यांत स्वस्त होती.

१९ मे, सोमवार
दादाशी पुन्हा वाद. त्याचा एकच मुद्दा : जाड तेल म्हणजे ताकदीचं तेल. हा समज गावातच आहे असं नाही, इकडे रिक्षावालेही तेच म्हणतात. त्यात आकड्यांचा घोळ वेगळा. इंजिन ऑईलचा नंबर ४० आणि गिअर ऑईलचा ९०, म्हणून दुसरं दुपटीने जाड असेल असं वाटतं. पण या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. शंभर अंश तापमानाला नव्वद नंबरचं गिअर ऑईल मोजलं तर ते साधारण ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑईलइतकंच भरतं. यूटीटीओ त्याच मापाने ९-१० सेंटिस्टोकच्या घरात, नव्वद नंबर साडेतेराच्या पुढे. हा फरक सकाळच्या थंड तेलात कित्येक पटींनी वाढतो, म्हणून पंप किंचाळतो. त्याला तेल मिळतच नाही, गाळणीपाशी अडकून बसतं.

जीएल-५चंही तसंच. चारापेक्षा पाच मोठे, म्हणून चांगले? जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. मोटारीच्या हायपॉइड डिफरन्शियलमध्ये दाते एकमेकांवर घसटत फिरतात, तिथे ती लागते. पण त्यातलं तिखट गंधक तापलं की काही गिअरबॉक्सांतल्या पितळी आणि काशाच्या भागांना खातं. जिथे पुस्तिका जीएल-४ म्हणते तिथे चारच घालायचं.

दादा म्हणाला, "तू मुंबईत बसून शिकवू नकोस." वहिनीने फोन घेतला आणि आंब्याची पेटी कधी पाठवू ते विचारलं.

२१ मे, बुधवार
तिकडे धो धो. मे महिन्यात! दादाने तरव्यासाठी नांगरून ठेवलेल्या जमिनीत पाणी साचलंय. आता ट्रॅक्टर शेडमध्येच आहे, म्हणून तेल काढायला त्याला वेळ मिळाला, हे एक बरं.

संध्याकाळी अप्पांशी बोललो. अप्पा, म्हणजे माझे वडील, कांदिवलीच्या ट्रॅक्टर कारखान्यात असेंब्लीला होते. आकुर्ली रोडचा तो कारखाना मूळचा इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा, १९६३ची कंपनी. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचं तंत्र होतं, १९७७मध्ये ती महिंद्रमध्ये विलीन झाली. आमच्या घरी ट्रॅक्टरचा विषय निघाला की अप्पांचं एकच सांगणं : जुन्या मशीनचे ब्रेक कोरडे होते, बाहेरच्या बाजूला, त्यामुळे मागे नव्वद नंबर घातलं तरी बिघडायचं नाही. ब्रेक तेलात गेले तिथे सगळं बदललं. म्हणजे गावातल्या मिस्त्रीचं ज्ञान खोटं नाही, फक्त ते जुन्या ट्रॅक्टरांचं आहे. दादाला हे असं सांगितलं तर पटेल.

२३ मे, शुक्रवार
पटलं. अप्पांचं नाव घेतलं म्हणून.

या एका तेलाचा इतिहासही मजेशीर आहे. १९६०च्या दशकात जॉन डिअरने गिअर, ब्रेक आणि हायड्रॉलिकला एकच तेल दिलं, त्याला '३०३' म्हणत. त्यात स्पर्म व्हेलचं तेल असे, घर्षण सांभाळायला ते नामी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्या तेलावर बंदी आली आणि रसायनांनी त्याची जागा घेतली. पण '३०३' हे नाव पिवळ्या बादल्यांवर तसंच राहिलं. कसोटी केव्हाच बाद झालेली, आत काय आहे याचा पत्ता नाही, तरी शेतकरी जुन्या विश्वासाने घेत राहिले. शेवटी २०१७मध्ये मिसुरी राज्याने असलं तेल विकायला मनाई केली. एस. व्ही. रोडवरची ती स्वस्त बादली त्याच घराण्यातली.

२४ मे, शनिवार
रत्नागिरी-दापोलीच्या मध्ये किनाऱ्याला कमी दाबाचं तीव्र क्षेत्र येऊन थडकलं. गावची लाईट गेली. दादाने उजेडात तेवढं तेल काढून घेतलं होतं. ट्रॅक्टर आधी अर्धा तास चालवून तेल गरम केलं, मगच ड्रेन बोल्ट खोलला, हे सांगावं लागलं नाही. बोल्टच्या चुंबकावर काळा मऊ गाळ होता, लोखंडाचा बारीक चुरा, दोन बोटांत घासला तर टोचत नाही. तेवढा चालतो. टोकदार कण किंवा तुकडे निघाले असते तर गिअरचा दाता तुटलाय असं समजावं लागलं असतं.

पुढच्या ॲक्सलने मात्र धक्का दिला. तिथून चहाच्या रंगाचं दुधाळ तेल आलं. मागच्या वर्षी लावणीच्या चिखलणीत पुढची चाकं हबपर्यंत चिखलात होती, सील सोडलंय. पडताळा साधा : तापलेल्या लोखंडी तव्यावर त्या तेलाचे दोन थेंब टाकायचे. पाणी नसेल तर तेल गपगुमान धूर सोडतं, पाणी असेल तर तडतडतं. वहिनीचा जुना तवा यात कामी आला, परत चुलीवर जायचा नाही. दादाने फोन तव्याजवळ धरला आणि मला इथे जोगेश्वरीत तडतड ऐकू आली.

२६ मे, सोमवार
मुंबईतही पाऊस दाखल. इतक्या लवकर आजवर कधी आला नव्हता म्हणतात. वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरल्याची चित्रं दिवसभर फिरत होती. गाळ्यात कामगार अर्धेच आले.

तेलाची सोय लागली. रेल्वेतून डबा नेता येत नाही, पण हापूसच्या पेट्या घेऊन आलेला गावचा टेम्पो रिकामाच परत जातो. त्यात यूटीटीओची वीस लिटरची बादली, ८०डब्ल्यू-९०चा पाच लिटरचा कॅन, हायड्रॉलिकचं नवं फिल्टर आणि पुढच्या हबची सीलं टाकली. सीलाचा नंबर जुन्या सीलावरूनच घेतला, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. दादाने फूटपट्टीने मोजून पाठवलेलं माप मी मानलं नाही, चिपळूणहून व्हर्निअर आणायला लावला.

मिस्त्री म्हणाला, आत डिझेल ओतून धुऊन घेऊ. नको म्हटलं. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नवं तेल पातळ करतं. गाळणी काढून वेगळी धुवायची, फिल्टर नवं, आणि आत राहिलेलं थोडं जुनं तेल चालेल. ते फारच काळं वाटलं तर दहा-वीस तासांनी पुन्हा एकदा बदलायचं. पैसे जातात, पण प्लेटांपेक्षा कमी.

३१ मे, शनिवार
भरलं. दोन्ही बाजूंचे डिपस्टिक आणि पातळीचे बोल्ट दादाने सपाट जागेवर बघितले, लिफ्ट खाली ठेवून. हे महत्त्वाचं. लिफ्ट वर असेल तर काही तेल सिलिंडरात अडकतं, पातळी कमी दिसते आणि माणूस वरून अजून ओततो. जास्त झालेलं तेल फेसाळतं, श्वासनळीतून बाहेर येतं, आणि मग सील गेलं म्हणून मिस्त्रीला पुन्हा बोलावणं जातं. ती श्वासनळी, ब्रीदर, चिखलाने बुजलेली होती. सील फुटायला तीही कारण असू शकते : आतली हवा तापून फुगते, वाट मिळत नाही, मग सीलावर जोर येतो. गार झाल्यावर उलट चिखलाचं पाणी आत ओढलं जातं.

ब्रेकचा आवाज पहिल्या दिवशी थोडा राहिला. वीस-तीस वेळा हळू दाबून सोडायला सांगितलं, म्हणजे प्लेटांच्या खाचांतलं जुनं तेल बाहेर पडेल.

८ जून, रविवार
मृग लागला. आज नवा व्हिडिओ : तोच उतार, ब्रेक लागतो, कोंबडी आरवते ती ऐकू येते. लिफ्ट पहिल्या झटक्यात वर. पुढच्या हबवर ओल नाही, पण खरी परीक्षा जुलैच्या चिखलणीत. चिखलणी संपली की पुढचं तेल वर्षाच्या हिशोबाची वाट न बघता काढून तव्यावर बघायचं ठरलंय.

मीटरवरचे तास लिहून ठेव म्हटलं होतं. शेडच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेत.

बादलीत पाचेक लिटर यूटीटीओ उरलंय. दादा विचारतोय, पॉवर टिलरच्या इंजिनात घालू का? नको म्हटलं. इंजिनालाही चालतं ते एसटीओयू, हे नव्हे. झाकण घट्ट लावून डब्यावर मार्करने नाव लिही. यावर त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, फक्त अंगठा आलाय.