न लागलेला दिवा

जुन्या गाडीत स्टेअरिंगपुढं दोन-तीन लाल दिवे असतात. चालताना त्यातला एखादा लागला की नवखा माणूस घाबरतो. आमच्या घरानं मात्र अख्खं वर्ष न लागणाऱ्या दिव्यापायी हाल सोसले.

1996 साली दादानं जुनी डिझेल जीप घेतली. त्यापायी गोठ्यातली खिलार जोडी खरसुंडीच्या यात्रेत विकली गेली. माणदेशात पावसाचा भरवसा नाही. तेव्हा जीप वडापला घालायची आणि घर चालवायचं, असा आबांचा हिशोब. गाव ते आटपाडी, दिवसाला सहा-सात खेपा. प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करून शिटा भरेपर्यंत वाट बघायची.

दोन महिन्यांत बॅटरी उतरायला लागली. सकाळी किल्ली मारली की सेल्फ नुसता 'टक्' करायचा. मग बाजाराला निघालेल्या बायाबापड्या पाट्या खाली ठेवून जीप ढकलायच्या. "आधी ढकला, मग बसा, वर भाडं द्या," असं म्हणून लोक हसायचे. दादाला ते लागायचं.

तालुक्याच्या दुकानात गाडी दाखवली. तिथल्या पोरानं इंजिन जोरात रेस केलं, मीटर लावला आणि सांगितलं, "चार्जिंग झकास आहे. बॅटरीच गेलीय." नवी बॅटरी घेतली. सहा महिन्यांत तीही बसली. दुसऱ्या नव्या बॅटरीसाठी आईनं दोन शेरडं विकली. त्याच पैशातनं माझी फी भरायची होती.

मग ती रात्र. शेजारच्या वस्तीवरची बाळंतीण अडली होती. दादानं तिला जीपमध्ये घातलं. निम्म्या वाटेत हेडलाईट पिवळे पडले, मग काजव्याएवढे झाले. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते बंद पडलं नाही एवढंच. किन्नर बोनेटवर बसून हातातल्या टॉर्चनं रस्ता दाखवत होता, मागं ती बाई कण्हत होती. बाई आणि पोर दोन्ही वाचली. पण सकाळी आबा म्हणाले, "इकून टाक ही. कुणाचा तरी जीव घेईल."

गिऱ्हाईक येण्याआधी नाना आले. एसटीच्या वर्कशॉपात वायरिंगचं काम करून निवृत्त झालेले. ते बोनेटकडं गेलेच नाहीत. ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

"किल्ली फिरव, पर सेल्फ मारू नगं."

दादानं फिरवली. तेलाचा दिवा लागला.

"बॅटरीचा दिवा कुठाय?"

"त्यो कधीच लागत न्हाय, नाना. चार्जिंग चांगलं हाय म्हणून."

"आरं, इंजिन बंद असताना त्यो लागायलाच पायजे. चालू झाल्यावर इझायचा. आत्ता लागला न्हाय, म्हंजे त्यो गप न्हाय, मेलाय."

नानांनी अल्टरनेटरवरची दिव्याची बारीक तार काढून गाडीच्या बॉडीला टेकवली. वायर आणि बल्ब धड असते, तर दिवा लागला असता. नाही लागला. तेलाच्या दिव्याला करंट येत होता, म्हणजे किल्लीकडनं येणारी लाईन ठीक. त्यांनी बल्ब काढून उजेडात धरला. आतली तार तुटलेली.

"एवढ्या बल्बानं बॅटरी उतरती व्हय?" आबांना पटेना.

नानांनी अंगणातच समजावलं. जुन्या डायनामोला हा बल्ब नुसता खूण दाखवायला असायचा. अल्टरनेटरचं तसं नाही. आतल्या फिरत्या गुंडाळीला सुरुवातीला थोडा करंट मिळावा लागतो, तेव्हा ती चुंबक होते आणि वीज तयार व्हायला लागते. तो पहिला करंट या बल्बातनंच जातो. अल्टरनेटर जागा झाला की बल्बाच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि तो विझतो. बल्ब गेला, तर जागं करणारं कोणी उरत नाही. इंजिन फार जोरात रेस केलं, तर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर तो कधी कधी उठतो. दुकानात तेच झालं होतं. वडापात मात्र प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद, पुन्हा चालू. आणि पुढची खेप सावकाश. अल्टरनेटर झोपलेलाच, बॅटरी एकटी राबत होती.

नानांनी मीटर लावला. मंद इंजिनावर बारा व्होल्टच्याही खाली. तेवढ्याच वॅटचा नवा बल्ब बसवला. लाल दिवा लागला, इंजिन चालू होताच विझला, आणि काटा चौदाला जाऊन थांबला. आई दारातनं बघत होती. तिनं एवढंच विचारलं, "केवढ्याला पडला?" बल्बाची किंमत ऐकून ती काही न बोलता आत गेली.

जाताना नानांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दिवा मिणमिण जळत राहिला, तर आतले कार्बन झिजलेत किंवा डायोड गेलाय. चालता चालता एकदम लख्ख लागला, तर पट्टा बघायचा. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, म्हणून तिथंच थांबायचं. तीन वर्षांनी भिवघाटात तसंच झालं. दादा जागीच थांबला, पट्टा तुटला होता, इंजिन वाचलं.

जीप विकली नाही. माझी फी उशिरा भरली, पण भरली. पुढं त्याच जीपवर बहिणीचं लग्न झालं. आज दादाकडं दुसरी गाडी आहे. किल्ली अर्धी फिरवून तो अजून क्षणभर थांबतो. सगळे दिवे लागलेले बघतो, आणि मगच सेल्फ मारतो.